नळ बंद करू नकोस

बाबा,

मी सातच्या ट्रेनने आईकडे फ्रँकफर्टला चाललेय, रविवारी येईन. तू गाढ झोपलायस, म्हणून उठवलं नाही.

आपलं चाकांवरचं घर, आपली कॅम्पर गाडी मी हिवाळ्यासाठी तयार केलीय, एकटीने! पाण्याची टाकी रिकामी केली, बॅटरी काढून घरात आणली. आतले नळ मुद्दाम उघडे ठेवलेत, ते बंद करू नकोस. "लातूरचा माणूस, उघडा नळ दिसला की याचा हात जातोच," असं गेल्या वर्षी आई हसत म्हणाली होती. मग आत अडकलेलं पाणी गोठून पाइप फुटला आणि त्यावरून तुम्ही जे भांडलात, ते मला इथे लिहायचं नाहीये.

काचेवरची 'विकणे आहे' पाटी मी काढलीय. सॉरी, न विचारता. दोघांना एवढी गाडी कशाला, म्हणालास ना? मग तिसरीला विचारून येते, ईस्टरला आमच्याबरोबर येतेस का म्हणून.

आज अकरा वाजता तो माणूस गाडी बघायला येईल. त्याला सांग, बॅटरी नाही, गाडी सुरूच होणार नाही. खोटं नाहीये ते. बॅटरी कुठे ठेवलीय, ते रविवारी सांगते.

क्रांती