दुर्बिणीचं ग्रीस

३ सप्टेंबर, मंगळवार

तुर्गुन-अकांनी आज त्यांचा सिंथेसायझर आणून माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आदळला. सोविएत काळातलं धूड, वजन मेंढ्याएवढं! निम्म्या कोकंद शहराची लग्नं वाजवलीत त्यांनी त्याच्यावर. वीस वर्षं मीच तो दुरुस्त करतेय, पण अकांचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"सूर थरथरतो गं, खोसियत. डावीकडची दांडी."

ती दांडी ढकलूनच ते सूर वळवतात. तीच गेली तर राहिलं काय!

चहा दिला. मानाच्या पाहुण्याला ओततात तसा, अर्धा पियाला; आमच्यात जितका कमी तितका मान जास्त. म्हणाले, "त्याहून कमी." मी म्हटलं, "अका, मान तरी किती घ्याल?" हसले नाहीत.

निघताना दारात थांबले. "रविवारी लग्न आहे. इल्योस म्हणतो, बाबा, तुमचा हात कापतो, आता मला वाजवू द्या. तू उघडून बघ. दोष यंत्रात असेल तर मीच वाजवणार. हातात असेल तर तोंडावर सांग. यंत्र पोराला देऊन टाकतो, मग लग्नं बंद."

मी काय डॉक्टर आहे? हे मला का विचारायचं?

४ सप्टेंबर

उघडला नाही. दिवसभर भलतीच कामं काढली. भित्री कुठली!

५ सप्टेंबर, गुरुवार

सापडला! दोष यंत्रातच!!

दांडीखालचा पॉट, म्हणजे सूर कमीजास्त करणारा रोधक, त्यातली कार्बनची काळी पट्टी मधोमध पार झिजलीय, खालची तपकिरी पाटी उघडी पडलीय. चाळीस वर्षं घासून घासून. दांडी केसभर हलवली की मीटरचा काटा वेड्यासारखा नाचतो. जीव भांड्यात पडला माझा.

लगेच फोन केला.  अका एकदम ओरडले — "इल्योस! इकडे ये! ऐक ही काय म्हणते ते!" मला पोरालाही सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. सांगितलं, चांगलं ठणकावून. दुपारी दोन वाट्या शोरबा प्यायले. काल घास उतरत नव्हता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

मोडीतल्या एका साउंड-मिक्सरमधून तसाच पॉट मिळाला. बसवला, वाजवून पाहिला. एकदम स्वच्छ सूर.

नमाज आटोपून अका आले. उजव्या हाताने सुराची पट्टी दाबली, डावा दांडीवर.

थरथर.

मी दांडी धरली. स्वच्छ. त्यांनी धरली. थरथर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

"नवा पॉट आहे," मी म्हणाले. "बसायला एक-दोन दिवस घेतो. नवा जोडा नाही का चावत?"

"चावतो," अका म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

थाप! तोंडावर सांग म्हणाले होते, आणि मी तोंडावर थाप मारली. आता परवा लग्नात तीनशे माणसांपुढे सूर थरथरेल, आणि इल्योस बापाला उठवून स्वतः बसेल. हे सगळं माझ्या जोड्यामुळे. काय करून बसले मी!

७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी चूळ भरताना सुचलं. अकांच्या दांडीला स्प्रिंगच नाही! आमच्याकडचे वाजवणारे पहिल्याच दिवशी ती काढून फेकतात — आमच्या गाण्यातला सूर ढकलला तिथे राहायला हवा, टुणकन घरी पळायला नको. म्हणून दांडी इतकी मोकळी, आणि म्हणून बोटांचं सगळं सुरात उतरतं.

तशीच शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेले. तो दुर्बिणीच्या कड्यांत घालतो ते ग्रीस आणलं, मधाहून घट्ट. दांडीच्या सांध्यात भरलं. आता जाणूनबुजून ढकलली तरच हलते, बारीकसारीक थरथर गिळून टाकते. मुद्दाम हात थरथरवून बघितला. सूर जागचा हलला नाही! दुकानात एकटीच टाळ्या वाजवत उभी होते.

ग्रीसचं कुणाला सांगायचं नाही. इल्योस न्यायला आला, दांडी हलवून म्हणाला, "मावशी, ही जड झालीय."

"नवी जडच असते."

दुसरी थाप. पहिलीपेक्षा सोपी गेली.

८ सप्टेंबर, रविवार

वाजवलं! वाजवलं! वाजवलं!

मी भोंग्याला चिकटूनच बसले होते. ताटातला पलाव तसाच. अकांनी पहिला सूर धरला, वर चढवला, तिथे थांबवला — मी श्वास धरून — आणि सावकाश खाली आणला. कुठे तडा नाही, कुठे कंप नाही. म्हाताऱ्या बायका उठून नाचायला लागल्या. इल्योस हाताची घडी घालून उभा होता. तिसऱ्या गाण्याला घडी सुटली, टाळ्या सुरू. मला रडू आलं. बायकांनी विचारलं तर सॅलडमधल्या कांद्यावर ढकललं.

किती हलकं वाटतंय! फक्त एक टोचतंय. त्यांनी खरं मागितलं होतं, मी ग्रीस दिलं. कधीतरी कळेल, मग माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. टोचू दे. वाजवलं ना!

१० सप्टेंबर, मंगळवार

अका आले. हातात गरम नान. मी न सांगता पाव पियाला ओतला. तो दोन्ही हातांनी धरून पीत म्हणाले, "पुढच्या महिन्यात चार लग्नं घेतलीत. ग्रीस अजून थोडं घाल, पोरी. आणि चहा अजून कमी ओत."