ताईचं लंघन

बाबा, गेल्या महिन्यात मी अकोल्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. ताप होता, तोंडाला चव नव्हती, म्हणून आधी घरीच दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिले होते. तिसऱ्या दिवशी पायांतलं बळच गेलं आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डॉक्टरबाई माझ्या लेकीच्या वयाची. तिनं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर खाटेशेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "काकू, तुमच्या अंगात चरबी नीट जळत नाही. जन्मापासूनचं आहे. अर्धं आईकडून आलं, अर्धं वडिलांकडून." माणूस उपाशी राहिला की शरीर चरबी जाळायला घेतं. माझ्यात ती अर्धवट जळते आणि उरलेलं आतल्या पेशींनाच पोळतं. त्याला ती ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणाली. मी म्हटलं, "म्हंजे कपाशीची ओली पऱ्हाटी चुलीत घातल्यावानी. जाळ नाई, नुसता धूर." ती हसली. "तसंच. अन् धुरानं घर काळं होते." मग विचारलं, "इतकी वर्षं कसं निभावलं काकू?" मी म्हटलं, "मले कोणी उपाशी राहूच नाई देल्लं."

ते कोणी म्हणजे तुम्ही. दर्यापूरच्या घरात ताई सात वर्षांची होती, मी चार. तिला ताप आला आणि तुम्ही लंघन सांगितलं. ताप आला की पोट रिकामं ठेवायचं, हे तेव्हा घरोघरी चालायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. तोवर सोमवारचा एकही उपास न चुकवणारे तुम्ही, त्यानंतर महाशिवरात्रीलासुद्धा सकाळीच माझ्यासमोर ताट घेऊन बसलेले दिसता. "जेव माय. मी बी जेवून राहिलो न." हिवरखेडची आत्या आली आहे, ती भडकते, "मास्तर झाला अन् धरम सोडला काय रे?" तुम्ही भाकर मोडता मोडता म्हणता, "सोडला. लंघन करून पाह्यलं एकदा." आई आत निघून जाते.

चौथीत तुम्हीच माझ्या वर्गावर होतात. पोरी खादाड म्हणून चिडवायच्या, म्हणून एक दिवस मी डबा उघडलाच नाही. सुट्टीनंतर तुम्ही तो भरलेला पाहिला आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या थोबाडीत ठेवून दिली. मग तिथंच खाली बसून घास घास भरवलात. मी चार दिवस बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर तो राग पुढं कितीतरी वर्षं हौसेनं सांभाळला. दवाखान्याच्या खाटेवर तो गेला. तुम्हाला पेशी ठाऊक नव्हत्या की रिपोर्ट. एका लेकीला जाताना पाहिलं होतं, तेवढ्यावर तुम्ही दुसरीला वाचवलंत. मी आहे ती तुमच्यामुळे आहे बाबा. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं. आता पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

निघायच्या दिवशी डॉक्टरबाईनं विचारलं, घरात कुणी लहानपणी गेलं होतं का. मी ताईचं सांगितलं, तापाचंही सांगितलं. ती पेन उचलून म्हणाली, "तेव्हा काही खात होती का?"

मी म्हटलं, "हो. आमचे बाबा भरवत होते तिले."