समतेच्या नाटकातलं पाणी

७ जानेवारी
विकत आणलं ते – मातीचा माठ, १८० रुपये. सुती लुगडं, ३५०. नवंकोरं – अन् फाडायसाठी!

शाळेच्या समतेच्या नाटकात आमच्या मैत्रेयीला काम मिळालं. पाणवठ्यावरून हाकललेली तहानलेली पोरगी. नाटक बसवणाऱ्या सदाशिवराव सरांचा निरोप, ‘माठ अन् फाटकं लुगडं पाठवा.’ माझ्या घरात फाटकं नाही. उसवलं की त्याच दिवशी शिवते. ‘ठिगळाचं चालते का?’ विचारलं. ‘नाही हो बाई, फाटकंच. नॅचरल वाटते.’

९ जानेवारी
पाणी पाजणारी दयाळू मुलगी कोण? सरांची पुतणी! मैत्रेयीनं तेच काम मागितलं होतं. ‘तुला हेच शोभते,’ म्हणाले. साऱ्या वर्गात शोभायला आमचीच सापडली!

नाटकातल्या कविता सरांच्याच. ‘माणुसकीचा झरा’ म्हणे. यमक जुळलं की जात गेली, असं वाटते त्यांना. सकाळी तोंडात पंचशील अन् मनात सर. वंदना वाया.

यांना सांगितलं, तर म्हणतात, ‘काहून डोकं लावतं? लेकरांचा खेळ आहे.’
‘मंग तुम्हीच नेसा फाटकं!’

१२ जानेवारी
मैत्रेयी म्हणे, ‘आई, साऱ्या आर्णी गावासमोर फाटकं? मी नाही जात.’
‘जाय. पण धडकं नेसून जाय.’
लुगडं फाडलं नाही.

१८ जानेवारी
झालं नाटक. पुतणीनं तांब्या उंच धरला, वरून धार सोडायला. मैत्रेयीनं ओंजळ केलीच नाही! तांब्या हातातून घेतला, ओठ न लावता प्याली, माठातून पुन्हा भरला, पायऱ्या उतरली – अन् पहिल्या रांगेत सरांपुढं धरला. ‘घ्या सर. माणुसकीचा झरा.’

सर हसले. ‘बेटा, आज उपास आहे माझा.’

उपास! नाटकाआधी चहा ढोसताना मी पाहिलं.

मागून शेजारची हंसाबाई ओरडली, ‘प्या ना सर, पाण्याले कायचा उपास!’ लोक खदखदले. सर नाही प्याले.

१९ जानेवारी
माठ घरी आणला. पाणी गार राहाते.

२ फेब्रुवारी
सरांचं पत्र. घर दोन गल्ल्या पलीकडं, तरी टपालानं! नाटक यवतमाळच्या स्पर्धेत निवडलं – त्या दिवशी परीक्षक आले होते, त्यांना शेवट आवडला म्हणे. ‘तो प्रसंग तसाच ठेवू. त्यावर मी कविताही रचली आहे.’

मैत्रेयीला विचारून उत्तर टाकलं –

सविनय जयभीम. मैत्रेयी येईल. लुगडं धडकं असेल. माठ आमचा, पाणी आमच्या घरचं. आपण ते पिणार की नाही, एवढं उलट टपाली कळवावे.