थोरला, धाकटा आणि तिसरा

१२ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे, आणि मी लवकरच मोठा होणार आहे. नमिताने (आमची मालकीण, वयाने माझ्याएवढीच) अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर जाहीर केलं: गौरीपूजनाच्या दिवशी आपलं मासळीचं ॲप बंद पडलं नाही, तर सुबोध हेड. पडलं तर काय, ते मी विचारलं नाही. नकारात्मक विचार नको.

गेल्या वर्षी गौरीलाच पडलं होतं. कोकणातल्या किती घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळीचा, नैवेद्य लागतो, हे सर्व्हरला माहीत नव्हतं. नमिताची आई अंजनाबाई आणि मनोरीच्या बाकीच्या बायका मासळी घेऊन बसून राहिल्या. यंदा शेवटचा चान्स, नाहीतर आम्ही माल परत व्यापाऱ्याला घालू, असं त्यांनी तोंडावर सांगितलंय.

घाबरायचं कारण नाही. मी आहे.

१४ ऑगस्ट
डिझाइन तयार. दोन सर्व्हर. एक थोरला, एक धाकटा. थोरला राबतो, धाकटा बघत बसतो. थोरला आडवा झाला की धाकट्याने आपोआप उभं राहायचं. याला फेलओव्हर म्हणतात. आईला समजावलं. ती म्हणाली, आपल्या घरात एकच आहे, तोही बघतच बसतो.

१६ ऑगस्ट
एक गोची. मधली वायर तुटली तर दोघांनाही वाटेल, समोरचा गेला. मग दोघेही ऑर्डर घेणार आणि एकच सुरमई दोन घरांत विकणार. म्हणून तिसरा लागतो. तो काम करत नाही, फक्त कोण जिवंत आहे त्याची साक्ष देतो. पॉलिसी कडक ठेवली: तिघांतले दोघे हजर असतील तरच दुकान चालू. एकटा उरला तर त्याने शटर ओढायचं.

तिसरा ऑफिसबाहेर हवा. कृणाल (माझा ज्युनिअर, फार प्रश्न विचारतो) म्हणाला, भाड्याने घेऊ ना. मी म्हटलं, माझा दहिसरचा कॉम्प्युटर काय मेलाय? ऑफिसचा जुना यूपीएससुद्धा घरी आणला. लाइट गेली तरी तिसरा जागा राहील. नमिताला डिटेल दिले नाहीत. हेड लोक डिटेल देत नाहीत.

२१ ऑगस्ट
टेस्ट. सगळ्यांसमोर थोरल्याची वायर उपटली. मिनिटाच्या आत धाकटा उभा. नमिताने टाळ्या वाजवल्या. झकास. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटतंय. कृणाल म्हणाला, गौरीच्या आदल्या दिवशी परत एकदा करू. मी म्हटलं, पास झालेला मुलगा परत परीक्षेला बसतो का?

व्हिजिटिंग कार्डाचा नमुना केला. ‘हेड, हाय अव्हेलेबिलिटी’, म्हणजे कधीच बंद न पडण्याचा प्रमुख. अक्षर सोनेरी.

२६ ऑगस्ट
उद्या बाप्पा. घर वन रूम किचन, त्यामुळे कॉम्प्युटरच्या टेबलावरच मखर, दरवर्षीप्रमाणे. आई मालवणीत सुरू झाली, रे झिला, ह्यो डबो आधी थंयसून काढ, बाप्पा खंय बसतलो? मीच काढला. नीट चादरीत गुंडाळून खाटेखाली सरकवला. मखरातल्या लाइटच्या माळा यूपीएसला लावल्या. आईला म्हटलं, आता लाइट गेली तरी बाप्पा अंधारात नाही. ती खूश. मी तर डबल खूश. ऑफिसातलं ज्ञान घरी वापरणारे किती असतात?

२७ ऑगस्ट
ऐन आरतीत फोन थरथरत होता. सर्व्हरकडून वॉर्निंग, इंग्रजीत, लांबलचक. पूर्ण वाचली नाही. एरर असती तर वाचली असती. वॉर्निंग हा सिस्टमचा स्वभाव आहे, आईसारखा.

२८ ऑगस्ट
अजून वॉर्निंग. वैताग. शेवटी पॉलिसीच बदलली: वॉर्निंग आता विसर्जनानंतरच पाठवायची. शांतता. हे सुचायला अनुभव लागतो.

३० ऑगस्ट
संध्याकाळी अख्ख्या विंगची लाइट गेली. फक्त आमचा बाप्पा लखलखत होता. सगळा मजला आमच्याकडे लोटला. समोरच्या गंधालीने विचारलं, हे कसं काय? मी म्हटलं, माझं फील्डच ते आहे. ती बराच वेळ थांबली. कार्डं लवकर छापायला हवीत.

१ सप्टेंबर, सकाळ
गौरीपूजन. सोमवार असला तरी आमच्या गौरीला चालतं. नैवेद्याच्या वेळी गणपतीपुढे पडदा ओढायचा, म्हणजे त्याला मासळी दिसत नाही. आईने कुर्ल्या (खेकडे) ॲपवरूनच मागवल्यात, पोराचं ॲप म्हणून. ऑर्डरी धो धो. नाचावंसं वाटतंय.

थोडा नाचलो.

त्याच दिवशी, नंतर
थोरला आडवा. काही हरकत नाही, धाकटा उभा राहीलच.

राहिला नाही. ॲप बंद.

आधी नेटवर्कला शिव्या दिल्या, मग धाकट्याला. कृणालचा फोन. म्हणाला, धाकटा ठणठणीत आहे, पण एकटा पडलाय म्हणून त्याने शटर ओढलंय, तुझ्याच पॉलिसीप्रमाणे. तिसरा कुठाय? मी म्हटलं, घरी. तो म्हणाला, घरी कुठे? मी म्हटलं, खाटेखाली.

कृणाल पहिल्यांदाच प्रश्न न विचारता थांबला.

घरात मोकळा प्लग एकही नाही, म्हणून यूपीएसच्या प्लगकडे धावलो. आई आडवी आली. म्हणाली, कुर्ल्यांचा नैवेद्य होईपर्यंत बाप्पाची लाइट बंद होणार नाही. मी म्हटलं, लाइट बंद झाल्याशिवाय कुर्ल्या येणार नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो. शेवटी गंधालीच्या घरातून एक्स्टेंशन आणली. तिने विचारलं, तुझं फील्ड ना हे?

ॲप सुरू झालं तेव्हा दुपार कलली होती. ऑर्डरी दुसरीकडे गेल्या होत्या. मनोरीहून माल घेऊन आलेल्या बायका मार्वे जेट्टीवर वितळत्या बर्फात हात घालून बसल्या होत्या, असं नमिताने सांगितलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, त्या बायकांचं आणि थोडं माझंही.

आमच्या गौरीला काळ्या वाटाण्याची उसळ. पडदा मात्र आईने रिवाजाप्रमाणे ओढला.

३ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. ठरल्याप्रमाणे सगळ्या वॉर्निंग एकदम आल्या. आज पूर्ण वाचल्या. पहिलीच ओळ होती: तिसरा सापडत नाही.

नमिताने मनोरीला जाऊन बायकांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून आणली. नवा तिसरा अंजनाबाईंच्या घरी बसवला, मासळीच्या फ्रीझरशेजारच्या प्लगवर. त्या प्लगला तिथे गणपतीसाठीसुद्धा कोणी हात लावत नाही. पॉलिसी आता कृणाल बघणार. कृणाल नसला तर मी, तेसुद्धा आधी नमिताला विचारून.

सोसायटीने आमच्या मखराला बक्षीस दिलं. अखंड रोषणाई.

टेबल मोकळं झालंय. आई म्हणाली, तुझा कॉम्प्युटर लाव बाबा आता परत. म्हटलं, राहू दे खाटेखाली, घाई नाही. त्याला आता कोणी काही विचारत नाही.