तापली का?

चि. जावईबापूंना सासऱ्याचे अनेक आशीर्वाद, आणि आमच्या लेकीला दुप्पट (तिला तुमच्याबरोबर राहावं लागतं म्हणून). तुमची कंबर आता कशी आहे? वजन उचलताना गुडघ्यांत वाकत जा. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. घरात आजारी आहे ती तुम्ही दिलेली गाडी.

ही जुनी डिझेल विकून झटपट गरम होणारी दुसरी गाडी घेऊन देतो, रविवारी गिऱ्हाईकच घेऊन येतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. तेव्हा तुमच्या सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या असल्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. म्हणून सगळी हकिकत लेखी कळवतो.

सासूबाईंना सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात सोडणं हे निवृत्तीनंतर मला मिळालेलं एकमेव मानाचं पद. (त्या तिथे काउंटरवर बसतात आणि डॉक्टरांसकट सगळ्यांवर नजर ठेवतात.) पण इथली थंडी! काचेवरचा बर्फ खरवडायला मी स्वयंपाकघरातलं उलथनं नेलं आणि रंगेहाथ पकडला गेलो. किल्ली फिरवली की इंजिन आधी खोकतं, मग थरथरतं, आणि हीटर लावला की पायांवर गार वारा सोडतं. मेकॅनिक म्हणतो, डिझेल इंजिन मुळात काटकसरी, तेलातलं बरंचसं कामाला लावतं, ऊब म्हणून फारसं उरवत नाही, आणि नुसतं उभं ठेवलं तर तापायचं नावच घेत नाही. (तुमच्या घराण्याशी गाडीचं नातं तेव्हा लक्षात आलं.) बरं, चालवावी, तर ऊब येते ती नेमकी दवाखान्याच्या फाटकाशी. सासूबाई कुडकुडत उतरतात आणि परतताना मी एकटा स्वेटर काढून घाम पुसत येतो. त्यांचं म्हणणं, या घरात माणूस क्षणात तापतो आणि गाडीला तास लागतो, हे उलट असतं तर संसार सुखाचा झाला असता.

त्यात शेजारी नवीन नर्सबाई राहायला आल्या आहेत. आमचा रोजचा संवाद खिडकीतून अंगणात चालतो. सासूबाई वरून ओरडतात, ‘तापली का?’ मी खालून ओरडतो, ‘नाही अजून! अंग गार पडलंय, नुसती थरथरतेय!’ एके दिवशी सासूबाईंनी वरून विचारलं, रात्री पांघरूण घातलं होतं ना? मी म्हणालो, घातलं होतं, पण बाहेरच होती ना बिचारी रात्रभर! झालं. नर्सबाई थर्मामीटर घेऊन धावत आल्या, आणि आजारी मुलगी कुठे आहे ते विचारण्याआधी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला क्षणभर मीच खरा गुन्हेगार वाटलो. मी गाडीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून त्या आमच्याशी फार हळू, समजुतीच्या सुरात बोलतात.

मग कोणीतरी सांगितलं, पुढच्या जाळीला पुठ्ठा लावा, थंड हवा अडते. मी नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून झोकात बसवला आणि गावभर फिरलो. सिग्नलला लोक हात हलवत होते, मीही हलवत होतो. दवाखान्याशी उतरल्यावर सासूबाईंनी पुढे जाऊन पाहिलं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘नाजूक वस्तू. आडवी करू नये.’ त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत मला ओळख दिली नाही.

थोडक्यात, ही गाडी डोक्याला ताप आहे, अंगाला मात्र नाही. काय ते तुम्हीच ठरवा.

तुमचा (गारठलेला) सासरा

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण गिऱ्हाईक आणू नका. मेकॅनिकला दोष सापडलाय. एक झडप उघडीच अडकल्यामुळे इंजिनचं पाणी लवकर तापत नाही. तासाभराचं काम. मीच त्याला म्हटलं, थंडी संपेपर्यंत हात लावू नकोस. तो हसला आणि काही न विचारता हो म्हणाला. कारण असं, की गाडी तापायची वाट बघत आम्ही दोघं एका रजईत पाय घेऊन आत बसतो. घरात आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला आणि नळ गेला. गाडीत हिला दुसरं कामच नसतं, म्हणून बोलते. ही डॉक्टरांची हुबेहूब नक्कल करते, ठाऊक होतं तुम्हाला? मला नव्हतं, एवढा संसार होऊन. मला ही सकाळ हवी आहे, जावईबापू. सासूबाईंना यातलं काही बोलू नका.

आणखी एक ता. क. (हे अक्षर माझं, सासूबाईंचं.) पाकीट बंद करायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणजे वाचायलाच दिलं. झडपेचं मला आधीपासून ठाऊक आहे. ह्यांच्या आधी मीच मेकॅनिककडे जाऊन आले होते. ‘पार्ट मिळत नाही गं,’ असं हे चेहरा पाडून सांगतात, मी ‘अरेरे’ म्हणते. गाडी आहे तशी राहू द्या. आणि गेल्या महिन्यापासून आपल्या कोपऱ्यावरून थेट दवाखान्यापर्यंत बस सुरू झालीय, आतून छान उबदार. ह्यांना अजून पत्ता नाही. तुम्हीही सांगू नका.