कॅप्टनला बसू द्या

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार

पान एक्केचाळीस गेलं! टेबलाचे तिन्ही खण उपसले, टोपलीतले चुरगळलेले कागद सरळ करून पाहिले, टाइपरायटर उचलून खाली पाहिलं. नाही म्हणजे नाही.

जेवणाच्या सुटीत मी ऑफिसच्या मशीनवर स्वतःची कादंबरी टाइप करते, हे कुणाला ठाऊक नाही. नवा जिल्हा झाला तशी उस्मानाबादहून इथं लातूरला बदलून आले – टंचाई शाखेत, टायपिस्ट. दिवसभर टँकरच्या याद्या, मस्टरचे कोरे नमुने, दुष्काळी कामांची परिपत्रकं. सुटीत मात्र कॅप्टन थॉर्नबी! फ्रेंचांशी लढताना जखमी झालेला, कुणाशी धड न बोलणारा, खिडकीत उभा राहून दूर बघणारा. दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, बग्ग्या, मेणबत्त्या, आणि त्याच्यावर जीव टाकणारी लुईझा.

आता ते पान एखाद्या फायलीत शिरून साहेबांपुढे गेलं असेल तर – जगदेवीबाई, मेमो घ्या!

८ फेब्रुवारी

अजून नाही. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

नांदेडहून कमलम्माचं पार्सल. माझी धाकटी बहीण, पण हे वेड तिनंच लावलं मला. रद्दीच्या दुकानांतून इंग्रजी कादंबऱ्या हुडकून पाठवते. सगळ्यांत तोच – लढाईत जखमी झालेला, कपाळाला आठ्या, मनात काहीतरी खुपणारं. मला कंटाळा येत नाही. डिक्शनरी घेऊन वाचते आणि संध्याकाळी अव्वाला मराठीत सांगते. लेकीची गोष्ट म्हणून ती तूर निवडत ऐकते.

आज म्हणाली, "ह्येचं कुळ कोणतं?"

"साहेब आहे गं अव्वा."

"साहेबातबी जंगम-बिंगम असतीलच की!"

हसून हसून पोट दुखलं. ती मात्र गंभीर. अव्वाला गोष्टीतसुद्धा जात कळल्याशिवाय लग्न लावता येत नाही.

१५ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! आणि कुठं – तर पार निलंग्याच्या पलीकडं, कोनाळवाडीच्या पाझर तलावावर! मस्टरच्या नमुन्यांत अडकून गेलं असणार. टपालात तिथल्या कामावरून माझ्या नावाचा लिफाफा. आत टपोऱ्या अक्षरात –

'विषय – कॅप्टनबाबत. संदर्भ – मस्टर नमुन्यांसोबत आलेले पान ४१.
१) पान ४० व ४२ प्राप्त झाले नाही. सत्वर पाठवावे.
२) जखम उजव्या मांडीला असताना कॅप्टन उजव्याच गुडघ्यावर कसा बसला? खुलासा व्हावा.
३) सदर इसम दोन तास खिडकीत उभा आहे. अशा पायाने इतके उभे राहवत नाही. त्यास खुर्ची देण्यात यावी.
शेषेराव कदम, हजेरी कारकून (माजी सैनिक).'

कानशिलं तापली. कोण हा टिकोजीराव! मग पुन्हा वाचलं आणि हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरून माना वळल्या, तेव्हा खोकला काढला.

१६ फेब्रुवारी

पान चाळीस काढून पाहिलं. तिथंही उजवीच मांडी आहे. मेला बरोबर बोलतोय!

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाठवली दोन्ही पानं. 'मुद्दा २ मान्य. मुद्दा ३ अमान्य – कॅप्टन स्वाभिमानी आहे, बसणार नाही.' लिफाफा टाकल्यावर वाटलं, काय करून बसलीस बाई! मग वाटलं, करून बसले तर बसले.

५ मार्च, शनिवार

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोनाळवाडीचं टपाल. मी आधी तेच फोडते. मस्टरच्या गठ्ठ्यात माझी पानं जातात, मस्टरच्या गठ्ठ्यातून शेरे येतात. घोड्यावर कसं चढवायचं, जखमेला थंडीत काय होतं, नसलेल्या पायाच्या बोटांना खाज कशी सुटते. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

खाज तुम्हाला कशी ठाऊक, म्हणून विचारलं. उत्तर एका ओळीत – 'एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडला. डावा, गुडघ्याखाली नाही. पुण्यात नवा बसवला.' बस्स, एवढंच! लगेच खाली लुईझाच्या छत्रीबद्दल शंका.

म्हणजे खराखुरा आहे! एस.टी.नं अडीच तासांवर! उंच असेल. सडपातळ. कामावरच्या तंबूच्या दारात उभा राहत असेल संध्याकाळी, कुणाशी न बोलता.

जगदेवी, तेहतीस वर्षांची झालीस. जरा लाज बाळग.

२१ मार्च, सोमवार

आज नळ आला नाही, टँकरही नाही. दोन घागरींत दिवस काढला. पण डोक्यात वेगळंच. शुक्रवारच्या पत्रात लिहिलंय – 'पान ६० सर्वांना आवडले.'

सर्वांना? कोण सर्व?

२७ मार्च, रविवार

जाऊन आले. सगळं लिहून काढते.

अव्वाला खोटं सांगितलं, ऑफिसचं काम आहे म्हणून. सकाळची निलंगा गाडी, मग पुढं खडीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. कामाला सुटी बाजाराच्या दिवशी, त्यामुळं रविवारी काम चालू होतं. पोचले तेव्हा दुपारची सुटी झालेली. लिंबाखाली चाळीसेक बाया, कुणी भाकरी खातेय, कुणी पदर तोंडावर घेऊन आडवी. मधोमध पेटीवर एक गुबगुबीत माणूस. पोट सुटलेलं, टक्कल पडत आलेलं. लाकडी पाय काढून बाजूला ठेवलेला, आणि हातात माझं पान!

"...तर बायांनो, कॅप्टन काय बोलंना. लई गुमान हाय त्येला. पर मनात? मनात कालवाकालव!"

आणि बाया खदखदा हसल्या! धोंडाबाई म्हणून एक म्हातारी ओरडली, "आगं, त्येला म्हणावं बोल की! मुका हाय का?"

हा शेषेराव कदम. हा!

माझ्याकडे बोट दाखवून ट्रकवाला बोलला, लातूरच्या ऑफिसच्या बाई आल्यात. तसं सगळ्याच उठल्या. "कॅप्टनची बाई आली गं!" एकीनं पाणी दिलं. धोंडाबाईनं माझं मनगटच धरलं – "बाई, लई उभा करून राहिलात त्येला. बसू द्या की! माझ्या मालकाचा हिरीत पडून पाय मोडला व्हता, मला म्हाइत हाय."

शेषेराव पाय चढवायला धडपडत होते. चेहरा उतरलेला. मी पान त्यांच्या हातातून ओढून घेतलं. मी म्हणाले, "तमाशा मांडलात माझा!" आणि निघून आले. मागून हाका येत होत्या. फाट्यापर्यंत उन्हात चालत आले.

गाडीत रडू आलं. कशाचं आलं ते सांगता येत नाही. चोरून लिहिलेलं चाळीस जणींत वाचलं म्हणून, की तो माणूस कॅप्टन नाही म्हणून?

३० मार्च

कादंबरी बांधून ट्रंकेत टाकली. संपलं.

८ एप्रिल, शुक्रवार

'स्मरणपत्र क्र. १. पान ६१ अप्राप्त. खालील सही करणाऱ्याने न विचारता पाने वाचून दाखवली, ही चूक झाली. माफी असावी. एकदा कागद बघून बसलो असता धोंडाबाईंनी विचारले, काय वाचता? खोटे बोलता आले नाही.'

उत्तर दिलं नाही.

१९ एप्रिल, मंगळवार

'स्मरणपत्र क्र. २. बाया रोज विचारून राहिल्या – बाई रुसल्या, का कॅप्टन मेला? दुपारची सुटी लई लांब झाली.'

वाचलं आणि रागाचा फुगाच फुटला. अगं जगदेवी, उन्हात खडी फोडणाऱ्या चाळीस बाया तुझ्या कॅप्टनची वाट बघतात, लिहिणारीला आणखी काय पाहिजे? आणि तू पान ओढून घेतलंस! लाज वाटली. त्यांची नाही, माझी.

ट्रंक उघडली. पान एकसष्ट लिहिलं. कॅप्टनला खुर्ची दिली. बसल्याबरोबर तो बोलायलाच लागला! तीन पानं बोलला. हसलासुद्धा. मला आपलं वाटत होतं, तो मनानं दुखावलाय – बिचाऱ्याचे पाय भरून आले होते.

२ मे, सोमवार

पुन्हा टपाल सुरू. पान ७० ला धोंडाबाईचा अंगठा – 'वाचून दाखवले, पसंत आहे' म्हणून!

८ मे, रविवार

शेषेराव लातूरला आले. आगाऊ कळवलं होतं, 'समक्ष हजर राहून खुलासा करतो.' गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या रसवंतीत बसलो. केवढं बोलतो हा माणूस! उमरीकडचं त्यांचं गाव, भाऊ-भावजय, बैलाची खोड, पुण्याच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा शिपाई कसा घोरायचा. ज्या आठवणीनं माझा कॅप्टन आयुष्यभर खिडकीत उभा राहिला असता, ती सुरुंगाची आठवण यांनी रसाचा ग्लास हलवत, हसून सांगितली.

मी विचारलं, "दुखत नाही का?"

"दुखतं की! दुखलं की मोठ्यानं वरडतो. खिडकीत कशाला जाऊ?"

मग एकदम गप्प झाले. पहिल्यांदाच. कानाच्या पाळ्या लाल. म्हणाले, "मला कॅप्टनसारखं न्हाई राहता येत. पर तुमची हरकत नसंल, तर आपण लगीन करू."

मी काय बोलले? "अव्वाला विचारावं लागेल." गाढवीण! आधी हो म्हणायचं होतं. पण त्यांना कळलं बहुतेक. निघताना दोनदा टोपी विसरले.

९ मे

आज टँकरच्या यादीत एका गावाचं नाव दोनदा टाइप केलं. साहेब रागावले. मला हसू येत होतं.

खूप सुखात आहे मी. लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकारता येणार नाही.

१२ मे, गुरुवार

पण भीती आहेच. ते मराठा, आम्ही लिंगायत. अव्वानं जन्मभर गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेतला नाही. अप्पा गेल्यावर तिला मी, मला ती. स्थळं आली तेव्हा मीच नको म्हणाले, कारण प्रत्येक जण विचारायचा, आई कुठं राहणार? तिला दुखवून मला काही नको. ती नाही म्हणाली तर नाही. शेषेरावांनाही तसं कळवलंय. त्यांनी फक्त लिहिलं – 'मान्य. पण विचारा तर खरं.'

१५ मे, रविवार

सांगितलं. नाव, गाव, जात, पाय, सगळं. अव्वाचा हात सुपात तसाच राहिला. मग उठली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी.

१६ मे

बोलत नाही. संध्याकाळी गोष्ट सांगू का विचारलं, तर मान हलवली – नको.

१७ मे

आज तिनं भाकरी वाढली, समोर बसली. पण नजर दुसरीकडे. शेषेरावांना पत्र लिहायला घेतलं, 'नाही' असं लिहायला. मायना लिहून थांबले. रडले. उद्या लिहीन.

१८ मे, बुधवार

सकाळी पूजा आटोपून अव्वा म्हणाली, "ही माडीवरची खोली सोडून दे. बारा पायऱ्या हायत, त्यो माणूस रोज कसा चढंल? खालची बघ एखादी. आपल्या तिघांना पुरंल अशी."