बॅटरीची गाडी आणि आठची बस

वर्तकनगर, ठाणे
१२ नोव्हेंबर १९९४

ती. दौलतभावोजींस,

परशुरामचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. दारातली गाडी गेली, म्हणूनच खुशाल आहोत. तुमचा खोकला आणि मालनताईची पाठ कशी आहे ते कळवावं. टिटवाळ्यात नव्या इमारती उठतायत म्हणे. तुमच्या अंगणात ऊन शिल्लक आहे ना?

गाडी कुठली, असं तुम्ही विचाराल. आमच्या कारखान्यातल्या भिवाजीनं (विजेच्या खात्यातला, हाडाचा कारागीर, पण हात स्वस्थ राहत नाहीत) एका जुन्या मोटारीच्या सांगाड्यात सहा बॅटऱ्या बसवून बिनधुराची गाडी केली आणि महिनाभर वापरून बघ म्हणून माझ्याकडे सोडली. मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी. (सेक्रेटरी झाल्यापासून मला जगाची काळजी लागलीय, हे तुम्ही मागेच बोलून दाखवलंत.) सकाळी आठला आमच्या दारावरून जाणारी बस एवढा धूर सोडते की वाळत घातलेले सदरे पुन्हा धुवावे लागतात. तेव्हा मी लेटरहेडवर अर्ज ठोकला की ही फेरी बंद करावी, पुढचा काळ घरोघरी बॅटरीच्या गाड्यांचा आहे. आमच्या सौ. शीलानं एवढंच विचारलं, की वीज गेली तर हा पुढचा काळ कुठे थांबणार. मी लक्ष दिलं नाही.

अर्ज गेला आणि आईनं (म्हणजे तुमच्या सासूबाईंनी) माझ्याशी बोलणं टाकलं. गुडघा शेकायला ती रोज आठच्या बसनं नौपाड्याला जाते, तिथून मैत्रिणीकडे, आवडाबाईंकडे चहा, आणि बाराला परत. खिडकीची जागा ठरलेली. ती चढल्याशिवाय कंडक्टर घंटी देत नाही. तिला फार चालवत नाही, रिक्षात चक्कर येते. फेरी बंद झाली असती तर तिचं जग आमच्या दोन खोल्यांएवढं उरलं असतं, आणि हे मला, पोटच्या पोराला, सुचू नये याची आता लाज वाटते. तेव्हा मात्र मी म्हटलं, मी सोडत जाईन गाडीनं. त्यावर अबोला मोडून ती एकदाच बोलली, "अरे, बसमध्ये पन्नास माणसं एका धुरात जातात. तुझ्या गाडीत तिसरं बसलं तर दार लागत नाही."

सोमवारी बस खात्याचे साहेब पाहणीला यायचे होते आणि नौपाड्याहून त्यांना मी गाडीनंच आणणार होतो. त्या पहाटे आईनं आपणहून गाडीच्या पूजेचं ताट केलं. माझा जीव भांड्यात पडला. चाकांखाली लिंबं, नारळ, सगळं यथासांग. मी आत सदरा बदलून येतो तोवर तिनं देवघरातला गंगाजळाचा सीलबंद गडू फोडून एका बॅटरीत रिकामा केला होता. बॅटरीला शुद्ध पाणी लागतं असं मीच सांगितलं होतं, आणि गंगेपेक्षा शुद्ध ते काय? माझे डोळे भरून आले. भाबडी आहे हो आई.

जाताना गाडी सुतासारखी सरळ गेली. येताना, साहेब शेजारी बसलेले असताना, आमच्या नाल्यावरच्या अरुंद मोरीवर तिनं मान टाकली. समोर आठची बस. मागे दूधवाला, त्याच्यामागे शाळेच्या रिक्षा. अखेर बसमधली माणसं उतरली आणि त्यांनी आम्हाला साहेबांसकट ढकलत कडेला लावलं. साहेब रुमालानं हात पुसत म्हणाले, "एका गाडीनं ही दशा. घरोघरी झाल्या तर बसचं सोडाच, चालायला तरी जागा उरेल का?" आणि चढले की त्याच बसमध्ये, आईशेजारी. फेरी कायम झाली. शिवाय धूर कमी व्हावा म्हणून इंजिन दुरुस्तीला घेणार आहेत. भिवाजी गाडी ओढून घेऊन गेला, आई बोलू लागली. सुटलो, भावोजी.

तुमचा
परशुराम

ता. क. : मार्गशीर्षात तुम्ही दोघं काशीला जाणार ना? येताना गंगाजळाचा एक सीलबंद गडू आणावा. रिकामा केलेला गडू आईनं शेवटच्या घटकेसाठी वीस वर्षं जपला होता.

पुन्हा ता. क. : आईनं शीलाकडून हे पत्र वाचून घेतलं आणि भाबडी हा शब्द खोडायला सांगितला. आदल्या दिवशी तिनं भिवाजीला गाठून बॅटरी कशानं मरते ते नीट विचारून घेतलं होतं म्हणे. आणि गडूची घाई करू नका, असंही लिहायला सांगितलंय. आठची बस चालू आहे तोवर तिला मरायला सवड नाही.